सहा वीत, दोन तसू

आर्शावीर गेला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या दारासाठी
पॉप्लरच्या फळीवर रंधा मारत होतो.
त्याची बहीण झारुही उंबऱ्याशी उभी राहिली.
"माप घ्यायला ये," म्हणाली. एवढंच.

आर्मेनियाच्या नकाशात बोट ठेवून सापडणार नाही असं आमचं खोरं.
त्यातल्या सगळ्यांची मापं माझ्याकडे.
पाळणा मीच करतो आणि शेवटची पेटीही.
मेंढपाळ, मधमाशीवाली म्हातारी,
तो दांडगा लोहार, ज्याच्यासाठी
फळीला फळी जोडावी लागली होती,
सगळे माझ्या दोरीखालून गेले.
दोरीला भीडमुर्वत नसते.

आर्शावीर भरला सहा वीत, दोन तसू.
पुन्हा मोजलं.
एवढी पेटी मी लेकरांसाठी करतो.

सातव्या वर्षी त्याचा कणा वळला,
त्यानंतर खाट आणि खिडकी. एक्केचाळीस वर्षं.
खिडकीतून दिसायचं ते इतकंच:
दरीपलीकडे तांबड्या कातळाखालचा झरा,
अलीकडे आमची जर्दाळूची कोरडी झाडं,
आणि मधल्या वाटेवर गाढवं, घागरी, बायका,
उतरताना गाणाऱ्या, चढताना गप्प.

एका हिवाळ्यात त्यानं मला बोलावलं.
"ह्मायाक, दोन वाडगी आण, आणि दवाखान्यातली रबरी नळी.
आता एक वाडगं वर धर. हं. आता दुसरं."
माझे हात भरून आले. तो हसत होता.
मग तीन महिने एक डोळा मिटून
वाडग्यातल्या पाण्याच्या काठावरून
तो समोरच्या डोंगराकडे बघत राहिला.
डोंगर केवढा! पण त्याला आपली उंची ठाऊक नव्हती.

"झरा आपल्याहून अकरा हात वर आहे."
"अरे, पण मध्ये दरी आहे ना?"
"असू दे. पाणी आपली उंची विसरत नाही.
त्याला बंद वाट दे, ते येईल चढून."

चौकात हसून हसून लोकांची पोटं दुखली.
टेर हुसिक म्हणाले, यानं दरी पाहिली आहे का कधी?
नव्हती पाहिली.
पहिल्या वर्षी नळ तळाशी फुटला.
गास्पारच्या तळघरात पाणी शिरलं,
त्याचं वर्षाचं चीज पायरीपायरीनं वर तरंगत आलं.
आर्शावीर आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडला.
नवव्या दिवशी म्हणाला, "तळाला नळ जाड हवा.
सगळ्या पाण्याचा भार तिथं येतो.
मी वजन धरायला विसरलो.
स्वतःला फारसं नसल्यामुळे असेल."

दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, पलीकडे झाकण उघडलं
आणि आम्ही सगळे नळाच्या तोंडाशी कान लावून बसलो.
त्याच्याजवळ कुणीच थांबलं नव्हतं, झारुहीशिवाय.
ती सांगते, तो बोटं मोजत होता,
उतार, तळ, चढ,
आणि मग म्हणाला, "आता."
तेव्हाच इकडे नळ खोकला,
गाळ ओकला, एक बेडूक ओकला,
आणि पाणी आलं.

पेटी मी अक्रोडाची केली. मोबदला कुणी विचारला नाही.
गुण्या लावून चारही कोपरे पाहिले,
तरी काहीतरी मापात बसत नव्हतं.
एकट्यानं काखेत धरून नेता आली असती,
सहा जणांनी उचलली,
आणि टेकडीवर पोहोचेपर्यंत कुणी खांदा बदलून देईना.
गास्पारही त्यात होता. अजून त्या चीजबद्दल कुरकुरत.

रात्री अंगणातल्या नळाखाली हात धुतले.
भुसा निघाला, डिंक निघाला नाही.
पाणी थंड होतं,
पलीकडच्या अंधारातून खाली जाऊन वर आलेलं.

दोरीला सहा वीत, दोन तसूंवर मी गाठ मारली होती.
ती अजून सोडलेली नाही.
पुढच्या मापाला दुसरी दोरी घेईन.