शिवणीतली माया

देवळाली कॅम्पात, लाम रोडला
माझं सात फुटी दुकान.
वर्दीवर फिती टाचणं, बिल्ले बसवणं,
एखाद्या मेजरसाहेबाचं पोट आणि पँट
यांची दिलजमाई करणं,
हा बापाच्या वेळेपासूनचा धंदा.

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला
की शिंगव्याहून लहानू पाळदे येतात.
सायकलच्या कॅरिअरला कोट,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला.
"झेंडावंदनाला जायचंय. जरा आत घे."

उजवीकडून बोललेलं त्यांना कळत नाही.
मी टेप घेऊन डावीकडून फिरतो.
खिशावर एक पदक. त्याचा कागद
सुनेने लॅमिनेट करून आणला होता एकदा:
'शत्रूच्या तुफान माऱ्यात, जिवाची पर्वा न करता...'
"ते साहेबाने लिहिलंय," म्हणाले.
"साहेब तिथं नव्हता."

मग एका वर्षी वीज गेली,
मशीन थांबलं, आणि ते बोलले.

एकाहत्तर. थंडी आपल्या निफाडसारखीच.
तोफेवर सहा जण.
मागे गोळा फुटला, दोन उरलो.
"कोंडाजी पाणी मागत होता.
आणि मला गोळा उचलायचा होता."

थांबले.

"मी गोळा उचलला."

बार काढायची दोरी छर्ऱ्याने तुटलेली.
बुटाची नाडी सोडली, तीच बांधली.
पण नाडी ती, आखूड.
लांब उभं राहून ओढायचं असतं,
हे तोफेच्या पोटाशी उभे.
एक कान तिथंच राहिला.
"पहाटेपर्यंत किती बार काढले, मोजले नाहीत.
कागदावर आकडा आहे. असेल खरा."

"भीती?" मी विचारलं, डावीकडून.
"वाटली ना. पण त्याहून जास्त तो बूट!
ओल्या मातीत सारखा निघायचा.
असला संताप आलता, सांगतो."

तेवढ्यात रेंजवर सराव सुरू झाला.
कपाटातल्या बटणांच्या डब्या किणकिणल्या.
त्यांनी चांगला कान तिकडे केला,
ओठांत काही मोजलं.
"पोरांना दोरी लांब असेल," म्हणाले. "बरंय."

कोंडाजीच्या पाण्याचं पुढे काय झालं
मी विचारलं नाही.
सुईत दोरा ओवत बसलो.
तीनदा चुकला.

बाप सांगायचा, कोट शिवताना माया ठेवावी,
माणूस वाढतो.
या कोटाला त्यानेच ठेवली होती, बोटभर.
आता माणूस आटतोय.
दरवर्षी अर्धा इंच आत.
जादाची कापून टाकली तर कोट नीट बसेल,
कळतं मला. कात्री लावत नाही.
बगलेखाली, आतल्या अंगाला
माया जाड होत चाललीय.
ताठ उभे राहिले की टोचत असणार.

त्याची तक्रार नसते.
वीस रुपयांचे मात्र
घासाघीस करून पंधराच देतात.