दीडशेतला शिंगडा

केरबा मस्करनं पोत्यातून शिंग काढलं
आणि बापाच्या पुढ्यात, भात्याजवळ ठेवलं.
"मोरीचं हाय. गेली औंदा, म्हातारी होऊन.
दारूचा शिंगडा करून दे, दस्तगीरभाई.
पर दीडशेच्या वर जाऊ नगंस."

कोकरूडचा बाजार त्या दिवशी अर्धाच भरला होता.
मी चाकावर विळे धरत होते.
बापानं शिंग उजेडाकडं केलं:
पंढरपुरी म्हशीचं, हातभर लांब,
वळण असं की काखेत आपोआप बसावं.
"तोंडाला पितळ लावू?"
"पितळंचा दर काय?"
बापानं सांगितला.
केरबा नुसता हसला. त्याच्या मिशीचा डावा कोपरा
कधीतरी ठासणीच्या बंदुकीनं खाल्लेला.

मग पितळ नाही.
बुडाला आंब्याची फळी, तोंडाला बोरीची खुंटी,
आणि चुका बांबूच्या,
कारण दारूपाशी लोखंड नको, एक ठिणगी बास.
शिंग उकळलं तो वास तीन दिवस गेला नाही.
शेजारच्या शिंप्यानं मशीन उचलून आत नेलं.
मी काचेच्या तुकड्यानं तासत बसले,
काळ्या साली मांडीवर पडत राहिल्या.
शेवटी लाख आणि मेण वितळवून
बुडाच्या फटीत मीच ओतलं.

केरबानं तोंडाला ओठ लावून हवा आत ओढली.
जीभ भोकाला चिकटली, सुटेना.
"झ्याक," तो म्हणाला, जीभ सुटल्यावर.
"आत किती उरली ते दिसायचं न्हाई," बाप म्हणाला,
"हलवायचं आणि ऐकायचं."
वर मापाला दिलं खोकल्याच्या औषधाचं टोपण:
"ह्याच्यापरास जास्त घातलीस तर नळी फाटंल."
केरबानं एकशेचाळीस मोजले,
दहा पुढच्या बाजाराला देतो म्हणाला
आणि मणदूरच्या गाडीत चढला.

दोन निवडणुका गेल्या.
बापाचा उजवा हात आता चहाची बशीही सांडतो.

केरबा आला तो बंदुकीशिवाय.
"ठाण्यात जमा केली ती तिथंच ऱ्हायली.
परवाना काय पुढं सरकंना.
शिंगड्याचा कागद मातुर कुणी मागितला न्हाई."
बायकोनं त्यात मोहरी भरून ठेवली होती.
"डुकरं रोज येत्यात. भुईमूग उकरत्यात.
बूड काढून दे, तोंड जरा रुंद कर.
फुकून बघतो."

बापानं पटाशी माझ्याकडं सरकवली.
अर्धा दिवस लागला.
लाख सुटेना, चुका निघेनात,
मी माझ्याच हाताला शिव्या देत होते.
बाप बाजेवरून म्हणाला,
"लई घट्ट बसवलंवतंस, पोरी,"
आणि कितीतरी वेळ हसत राहिला.
फळी निघाली तेव्हा फडक्यावर पडले
मोहरीचे दाणे
आणि चिमूटभर काळी दारू, अजून कोरडी.

केरबानं पुन्हा ओठ लावले.
आधी नुसती थुंकी.
मग फुर्र, पाद्रं काहीतरी. शिंप्याची पोरं खिदळली.
तिसऱ्यांदा डोळे मिटून
त्यानं पोटातनं हवा सोडली.

बाजाराच्या कडेला विकायला बांधलेल्या रेडकानं
चारा सोडून मान वर केली,
कान आमच्याकडं वळवले.

केरबानं शिंग खाली घेतलं. बराच वेळ
ते नुसतं पुसत राहिला, बाहेरून, धोतराच्या सोग्यानं.
"किती झालं?"
"मागचे दहा," मी म्हणाले.