एकेचाळिसावं मिनिट

नाटक वाटेत दहा ठिकाणी अडखळतं,
पण एकेचाळिसाव्या मिनिटाला थांबतंच.
सगुण पायऱ्या उतरून येतो, हात वर करतो,
त्याच्या फेट्यावर ते गोल चक्र गरगरतं
आणि मी वैतागून रिमोट दाबतो.

आधी वीजखात्याला शिव्या घातल्या.
मयेत दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते.
मग राउटर बंद, दहा आकडे, चालू.
मग कपाटातली डबी, पुतणीने दिलेली,
आत दोन डिस्का, बाहेर एक निळा डोळा.
तिच्यावरची पाल हाकलली,
उलटी धरून हलवली.
(हे करायचं नसतं म्हणे.)

आल्विटो डिचोलीहून स्कूटरवर आला.
"काका, भिंत चिऱ्याची, हातभर जाड.
ह्यातून आरपार जायला वायफाय काय देव आहे?"
देवसुद्धा पालखीतून दारानेच जातो, मी म्हटलं.
तसा तो हसला, आणि काळी वायर
देव्हाऱ्यामागून, मिठातल्या आंब्यांच्या बरणीला वळसा घालून
टीव्हीच्या पाठीत खुपसली.
नाटक धावू लागलं. तबला आणि थाप एकाच वेळी.
एकेचाळीस. थांबलं.

मग तो लॅपटॉपवरून डबीच्या पोटात शिरला.
फाइल जुन्या घाटाची, म्हणाला,
टीव्हीला तिची भाषा कळत नाही.
ही बिचारी एकेक चित्र उभ्या उभ्या
भाषांतर करून देते, आणि मेंदू केवढा, तर एवढासा.
हात लावून बघितला. अंगात ताप होता तिच्या.
रात्रभर बसवून तिच्याकडून
अख्खं नाटक नव्याने लिहून घेतलं.
सकाळी पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा
पडद्यावर शंभर टक्के.

पाव चहात बुडवून आम्ही बसलो.
सगुण उतरला. हात वर. थांबला.
चक्र आलं नाही.
आल्विटो पडद्याला नाक लावून म्हणाला,
"काका, पळया. पाखरू."
वरच्या दिव्याभोवती एक पाखरू
घिरट्या घालत होतं, आपटत होतं, परत घिरट्या.
चित्र चालूच होतं.
थांबला होता तो सगुण.

आल्विटोने साडेचारशे घेतले.
डबी ठीक, वायर ठीक, सगळं ठीक.

काल्याची रात्र, एक्क्याण्णव साल.
विंगेत वही धरून उभा होतो तो मी.
फेरीतले चणे खात होतो
आणि पहिल्या रांगेतल्या एका निळ्या साडीकडे बघत
पान उलटायचं राहिलं.
खाली आकडे दिसतात आता, मोजता येतात.
अकरा सेकंद तो माझ्याकडे बघत उभा आहे.
मग माझाच चोरटा आवाज, टेपवरसुद्धा स्पष्ट:
"महाराजांचा निरोप..."
आणि तो धो धो बोलत सुटतो.

तेहतीस वर्षं मी सांगत आलो, सगुण विसरला.
लग्नांत, पंगतींत, त्याच्या बाराव्यालाही.
लोक हसायचे. तोही हसायचा, जिवंत होता तोवर.

रविवारी पुतणी येतेय,
मुलाला आजोबा दाखवायला.
ते पोर बरोबर तिथेच विचारणार, अडकलं का?

नाही रे, म्हणेन. त्याचं सगळं तयार आहे.
माझ्याकडून यायचंय.