डावी सपात

कोचकोरच्या जानेवारीत लॅपटॉपसुद्धा कुरकुरतो.
मी तो शेगडीपासून हातभर लांब ठेवते
आणि बुरुलचा मावशी त्याच्याकडे
विकायला आणलेल्या घोड्याकडे पाहावं तशी पाहते,
दात मोजत.

तीन आठवडे मी तक्ते करतेय.
महिन्याचं भाडं किती, विक्रीमागे किती कापणार,
पैसे कुठल्या बँकेत, किती दिवसांनी.
एका ठिकाणी देशांची यादी उघडली
तर कुवेत, आणि मग थेट लाओस.
मधे आम्ही असायला हवं होतं, डोंगरांसकट.
"खाली बघ, असू कुठेतरी," मावशी म्हणाली.
पार झिंबाब्वेपर्यंत पाहिलं.
नव्हतो.

मग तो मोठा बाजार, जिथं जागा फुकट.
बाजार मावशीला कळतो. बत्तीस वर्षं
बसथांब्यासमोर तिची सतरंजी पसरलेली असते.
"जागा फुकट म्हणजे मापात मारणार."
खरंच, शंभरातले अठरा त्यांचे,
वर आपल्या सपातेखालीच दुसऱ्या कुणाची सपात,
यंत्रावरची, निम्म्या भावाची,
'हेही पाहा' म्हणून.
"गिऱ्हाईक माझ्यापुढे उभं असताना
शेजारीण त्याची बाही ओढते?
अशीला आमच्याकडे कोणी चहा विचारत नाही."

एक दुकान सगळं तयार देत होतं,
भिंती, दिवे, गल्ला, कुलूप.
जुलैत परवडेल, तळ्यावर पाहुणे असतात.
फेब्रुवारीत लोकर झोपते,
भाडं झोपत नाही.

आणि तालासचा बेकतूर म्हणाला, आपलं आपण बांधू,
विटा फुकट आहेत, फक्त हात लागतात.
हात त्याचे.
आणि तो मार्चमध्ये कोरियाला निघालाय.
मध्यरात्री छप्पर उडालं तर?

मावशी ओली लोकर कोपरांनी रगडत होती,
कढत पाणी, साबण, पुन्हा रगडणं.
मान वर न करता म्हणाली,
"यातलं सोडायला सोपं कोणतं?"

म्हणजे?

"उभारायला गावभर माणसं येतात.
मी सोडायच्या गाठी विचारतेय.
माझी आई अख्खं घर अर्ध्या सकाळीत उंटावर चढवायची,
माथ्याचं चक्र, जाळीच्या भिंती, नमदे,
एक दोरी कापायची नाही.
जिथली गाठ कापावी लागते
ते घर तुझं नाही पोरी,
तू त्या घराची."

माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

रात्री तो आखला. निघताना बरोबर काय येतं?
मोठ्या बाजाराने फोटो दिले, माणसं ठेवून घेतली.
(नावं, पत्ते, कुणाच्या पायाचं माप काय,
हे सगळं त्याचं म्हणे.)
बेकतूरच्या घराचं सगळं आपलं,
गळणाऱ्या पाण्यासकट.
भाडेकरू ठेवणाऱ्याने मात्र एका बटणात
सगळं गाठोडं बांधून हातात दिलं,
आणि बारीक अक्षरांत लिहिलं होतं,
थंडीत दुकान मिटून ठेवलं तर भाडं पाव.
मी ते चारदा वाचलं. मग मावशीला वाचून दाखवलं.
तिने हात पुसले. "घे."

भवानी अकरा दिवसांनी झाली. नॉर्वेहून.
पैसे आले, आणि एक ओळ :
मला फक्त डावी लागेल.

दुकानात नग म्हणजे एक जोड.
मी डोकं धरून बसले.
मावशी म्हणाली, "टोकतोसूनला नव्हते का देत?
त्याचा उजवा पाय खाणीत राहिला,
अर्धा भाव आणि वर सफरचंद.
भवानीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणतात होय!"

शेवटी मीच नवीन वस्तू लिहिली :
सपात, डावी, एक.
वजन एकशे नव्वद ग्रॅम.
दुकानाने काही विचारलं नाही. घेतलं.

उरलेली उजवी दाराजवळच्या खिळ्याला टांगली आहे.
उसवून लोकर परत घेऊ का, मी विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली,
"तिचा माणूसही कुठंतरी
यादी उघडून खाली खाली बघत असेल."