दंडाची वही

प्रकल्पाचं नाव लांबलचक होतं:
‘विसाव्या शतकाच्या आरंभीचा वस्त्रोद्योग,
विशेष संदर्भ घटप्रभेचा काठ आणि शहापूर-वडगाव.’
साठ पानं, चाळीस गुण.
हंजी मॅडम म्हणाल्या, आकडे आण, उमाळे नकोत.
हंजी म्हणजे कन्नडात पेळू,
पिंजलेल्या कापसाची बोटभर वळकटी.
तीन वर्षं त्यांना हजेरी दिली
आणि हे मला माहीत नव्हतं.

आकडे मिळाले गोकाकात,
एका गूळ-अडत्याच्या माळ्यावर.
त्याचे पणजोबा म्हणे गिरणीत कारकून.
एक कोपरा उंदरांनी खाल्लेली
दंडाची वही.
पगाराची नाही. पगाराची कुणी जपली नव्हती.

रकाने इंग्रजीत, नावं मोडीत,
शेरे मध्येच कन्नडात,
आणि समासात शाईचे अंगठे, ओळीनं,
बाजारात मांडलेल्या वांग्यांसारखे.

तिम्मव्वा, कांडीवाली. सूत गुंतवलं. एक आणा.
तिम्मव्वा. उशीर, ओढ्याला पाणी. एक आणा.
तिम्मव्वा. मूल घेऊन खात्यात आली. दोन आणे.
तिम्मव्वा. हसली. अर्धा आणा.

पुढच्या महिन्यात तिची ओळ नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
एक तर ती चुकायची थांबली,
नाही तर

हे वाक्य मला पुरं करता आलं नाही.
त्याला तळटीप लागते.

मग वडगावात गेले, संकप्पा ढवळींकडे.
चार यंत्रमाग, एकच खोली.
कोपऱ्यात हातमागाचा जुना खड्डा,
पाय सोडून बसायचा;
आता त्यात रिकाम्या कांड्या आणि नातवाची बॅट.
माझ्याशी मराठी, बायकोशी कन्नड,
मागाशी नुसती मान.

‘आज्जाच्या वक्ताला झटक्याचा धोटा आला,’ ते ओरडून सांगत होते.
‘त्याआधी ह्या हातानं फेकायचा, त्या हातानं झेलायचा.
दोरी आली, धोटा आपला आपण पळाय लागला.
पण आज्जाचा डावा हात, बघ,
महिनाभर झेलायला पुढं जायचा.
काय गावायचं न्हाई हाताला.’

मी लिहून घेतलं: फेकण्याची गती, अंदाजे दुप्पट.
मग खोडलं. हाताचं लिहिलं.

प्रस्तावनेतली माझी लाडकी ओळ त्यांना वाचून दाखवली:
या मातीचा ताणा कानडी, बाणा मराठी.
ते इतके हसले की तंबाखू ठसकली.
‘कुणी शिकीवलं हे? ताण्याला आधी खळ लागतीय, पोरी.
खळ न लावता मागावर घे,
तुटंल कसा बघ, कानडी असू दे, मराठी असू दे.’
वर्गात टाळ्या घेतलेली ओळ
मी तिथंच, त्यांच्या बायकोनं दिलेल्या पेन्सिलीनं, काट मारून टाकली.

तिम्मव्वाचं विचारलं.
एखादं नाव मध्येच गेलं, आणि कुठं गेलं
त्याचा कागद नसेल, तर काय लिहायचं?

ते मागावरच्या साडीवर वाकले.
हिरव्या अंगात एक रेघ दाखवली,
केसाएवढी, सरळ, लांबवर गेलेली.
‘फणीतनं एक धागा निसटला. सकाळी कळलं न्हाई मला.
आता ही फट जाणार पदरापतोर.
धागा न्हाई, पण कुठं न्हाई ते दिसतंय की.’

तक्त्यात मी एक ओळ कोरी ठेवली.
महिन्यांची नावं वर, रकाने सगळे आखलेले,
आत काही नाही.
हंजी मॅडमनी तिथं लाल शाईत विचारलंय: छपाईची चूक?

उत्तर अजून दिलेलं नाही.

त्या दिवशी निघताना मला संकप्पांना आणखी एक विचारायचं होतं:
ही साडी आता किती कमी दरानं जाईल?
तेवढ्यात लाईट गेली,
अख्खी गल्ली एकदम थांबली,
कुणाच्या तरी घरात दूध उतू गेल्याचा आवाज आला,
कुणी खोकलं.
मी तोंड उघडलं

आणि लाईट आली.