दिसली नाही

चौकट क्रमांक सात.
चार खिळे, मीटर-मीटरभर सुतळी,
आणि गुडघ्याखाली चाळकेवाडीच्या सड्याचा जांभा,
ओला, खरबरीत, म्हशीच्या जिभेसारखा.

पहिल्या आषाढात इथे एक्केचाळीस आमऱ्या होत्या.
कातळाच्या मातीला चिकटलेलं एकेक पान,
त्यातून वीतभर दांडा, वर पांढरं फूल.
मोजताना मी श्वास धरायचो,
फुंकरीने आकडा बदलेल म्हणून.

मग कुंपण आलं.
अर्जावर तिसरी सही माझी.
‘चराई बंद, फुलं सुरक्षित’
हे वाक्यही मीच सुचवलेलं,
एसटीच्या तिकिटामागे लिहून.

अडतीस. एकोणतीस. सतरा.
गवत मांडीला लागायला लागलं.
सगुणा झोरे तारेपलीकडून म्हणाली,
“सायेब, म्हस काय फूल खाती व्हय?
तिनं गवात खाल्लं की त्या बारकीला आभाळ दिसायचं.
तुमी आभाळच झाकलंसा.”
मी वहीत लिहिलं : स्थानिक निरीक्षण.
ती लिहिणं संपेपर्यंत थांबली,
मग म्हशीला हाळी देऊन उतरली.

चार.

रात्री पवनचक्क्यांचे लाल दिवे
धुक्यात एकदम उघडतात, एकदम मिटतात.
लांब सोंडेचे पतंग या दिवसांत यायचे,
आमरीच्या देठामागच्या नळीत मध शोधत.
आता कुणाच्या दारात जातात, ठाऊक नाही.
मी विश्रामगृहाच्या बल्बखाली
त्यांचे पंख झाडून काढतो.

आमरीला दोन कंद असतात.
एक गेल्या सालचा, सुरकुतलेला.
एक पुढच्या सालचा, ताठ.
कधी ती एखादं साल, दोन सालं
वर येतच नाही.
खाली बुरशीच्या धाग्याला धरून बसते,
कुणाचं देणं नसल्यासारखी.

यंदा चौकटीत गवत फाकवून
तीनदा पाहिलं.
रकान्यात शून्य लिहिलं.
खोडरबर सापडेना, ओल्या अंगठ्याने पुसलं,
कागदाचा लगदा झाला,
त्याच्या कडेला लिहिलं :
दिसली नाही.

परतताना आठव्या खांबाशी तार लोंबत होती.
आत शेणाचा ताजा पो, त्याच्या अलीकडे
हातभर जागा
स्वच्छ चरलेली.

अहवालात खांबांसाठी वेगळा रकाना आहे.
तो मी कोरा सोडला,
कागद भिजला होता म्हणून.