बावन्नावं मिनिट

हेमांगी म्हणाली, रडवू नकोस.
भांडुपच्या मिठागरावरची तिची फिल्म,
तीन उन्हाळ्यांचं शूटिंग,
पैसे दुसऱ्यातच संपलेले.

घाटल्याच्या खोलीत पंखा बंद करून मी बसलो.
बावन्नाव्या मिनिटाला हिराजीकाका फळी ओढतात,
मीठ कडेला येतं. चाळीस सेकंद.
सारंगी घातली, काका लगेच बिचारे दिसू लागले.
काढली.
सतार घातली, तर ते जाहिरातीतच जाऊन उभे.

पहाटे पहाटे आईच्या पेटीचा भाता
नुसता हलवत राहिलो,
एकही पट्टी न दाबता.
फस्स. फस्स.
फळी पुढे, फळी मागे.
आणि ती काळी चार,
कितीक वर्षं नीट न बसणारी,
मधेच आपली आपण बोलली, बारीकशी.
नेमकी तेव्हाच काकांनी मान वर केली,
बांधावरून कुणी हाक मारावी तशी.

हेमांगीने फोनवर दोनदा ऐकलं.
‘हे चुकून झालंय ना?’
हो.
‘मग हात लावू नकोस.’

मानधन पोचलं: दोन किलो मीठ,
जाडं, करडं, पेपरात बांधलेलं.
रोज आमटीत पडतं चिमूटभर.

पेटीवाला दोनदा येऊन गेला.
खाल्ल्या मिठाला जागायचं,
तर ती पट्टी आता
दुरुस्त करता यायची नाही.